एकाच बाजूचं बेअरिंग सारखं जातंय: दोष बेअरिंगचा, शाफ्टचा की आणखी कशाचा?

पंखेवाला

गरम वायू ओढणारा मोठा पंखा आहे. इंपेलर (पात्यांचं चाक) मधोमध, दोन्ही बाजूंना दोन तुकड्यांची हाउसिंग (बेअरिंगची घरं, खाली बूड आणि वर झाकण). शाफ्ट १०० मिमी, त्यावर एच ३२२ स्लीव्ह (शाफ्ट आणि बेअरिंगमधली निमुळती नळी) आणि २२२२२ के, सी३ क्लिअरन्सचं (आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असलेलं) स्फेरिकल रोलर बेअरिंग, रोलरच्या दोन ओळींचं. दोन बेअरिंगांमध्ये १.८ मीटर अंतर.

कपलिंगच्या, म्हणजे मोटरकडच्या, बाजूचं बेअरिंग निमूट चालतं. मोकळ्या बाजूचं मात्र काही महिन्यांत आवाज करायला लागतं, तापतं, ग्रीस काळं पडतं आणि शेवटी बदलावंच लागतं. कंपनी बदलून पाहिली, ग्रीस बदलून पाहिलं, अलाइनमेंट दोनदा तपासून घेतली. फरक शून्य. आता वरून फर्मान आलंय की येत्या शटडाउनला पुन्हा नवीन टाका. टाकायला हरकत नाही, पण या वेळी काय काय तपासून टाकू? स्लीव्ह खराब असेल का? की शाफ्टच झिजलाय?

जुना_फिटर

नवीन मागवलंस ते ठीक. जुनं कुठे आहे? भंगारात टाकलं असेल तर आधी ते शोधून आण.

रोग काय होता ते त्या बेअरिंगवरच लिहिलेलं असतं. स्फेरिकल असेल तर कापायचीही गरज नाही. बाहेरची रिंग आडवी फिरवली की रोलर आणि आतला ट्रॅक समोर येतो. रॉकेलने धू, पूस आणि उजेडात धर. बाहेरच्या रिंगच्या ट्रॅकवर घासल्याचा पट्टा कुठे आहे, किती रुंद आहे, एका ओळीत आहे की दोन्ही, ते सांग. आणि पुढच्या वेळी बेअरिंग काढण्याआधी बाहेरच्या रिंगवर पेंटने खूण कर, वरची बाजू कुठली आणि पंख्याकडची कुठली. खूण नसेल तर अर्धी माहिती तिथेच जाते.

मायक्रॉन

जुना_फिटर काकांच्या प्रतिसादाला +१. पट्ट्याचा अर्थ थोडक्यात देतो, कारण बरेच जण "पिटिंग झालंय" एवढंच म्हणून थांबतात.

शाफ्ट फिरतोय, भार खाली आहे, सगळं ठीक आहे, अशा वेळी आतल्या रिंगवर पट्टा पूर्ण गोल असतो आणि बाहेरच्या रिंगवर फक्त खालच्या कमानीत, दोन्ही ओळींत सारखा. बाहेरच्या रिंगवर समोरासमोर दोन ठिकाणी पट्टा दिसला तर हाउसिंगने बेअरिंग चिमटलंय. बूड सपाट नाही, किंवा झाकण दुसऱ्याच हाउसिंगचं बसलंय. बाहेरही पट्टा पूर्ण गोल असेल तर क्लिअरन्स उरलेलाच नाही किंवा रोटरचा बॅलन्स बिघडलाय. रोलरच्या अंतराअंतरावर खड्डे म्हणजे कोणीतरी ठोकलंय, नाहीतर मशीन बंद असताना शेजारच्या मशीनच्या थरथरीने ते पडलेत. ट्रॅकवर पत्र्याच्या पन्हळीसारख्या बारीक आडव्या रेघा असतील तर वीज गेली आहे. पंख्यावर वेल्डिंग करताना अर्थिंगचा क्लॅम्प पायाला लावला होता का ते विचारा. करंट बेअरिंगमधूनच जातो. क्लॅम्प जिथे वेल्डिंग चाललंय त्याच तुकड्याला लावायचा.

आणि एकाच ओळीत पट्टा असेल तर बेअरिंगला बाजूने रेटा बसतोय.

शाफ्टबद्दल: स्लीव्ह वापरत असाल तर व्यास थोडा कमी असणं हा मोठा गुन्हा नाही. स्लीव्हखालच्या शाफ्टला एच९ चालतो, म्हणजे १०० मिमीला ०.०८७ मिमीपर्यंत कमी. पण गोलाई आणि टेपर (निमुळतेपणा) मात्र कडक हवेत, साधारण ०.०१५ मिमीच्या आत. मायक्रोमीटरने तीन जागी, प्रत्येक जागी चार दिशांनी मोजा आणि लिहून ठेवा. एकाच जागी मोजून "शाफ्ट ओके" म्हणणं म्हणजे न मोजणं.

गॅसकटर

हे सगळं वाचायला छान आहे, पण शटडाउन किती तासांचं असतं माहीत आहे ना? आमच्याकडे गॅसने आतली रिंग लाल केली की जुनं बेअरिंग सुटतं. नवीन थोडं शेकायचं, दोन ठोके, नट आवळायचा, काम फत्ते. मशीन चालू आहेत.

जुना_फिटर

@गॅसकटर, मशीन चालू आहेत हे मान्य. किती दिवस चालतात ते सांगितलं नाहीस.

पहिलं म्हणजे स्लीव्हवरच्या टेपर बेअरिंगला शेकायचं कशाला? ते थंडच बसवायचं असतं, नटाने स्लीव्हवर चढवत. शेकलेल्यावर क्लिअरन्स मोजता येत नाही, आणि मोजला तरी गार झाल्यावर तो निघून गेलेला असतो. गरम करायचं ते सरळ बोअरचं (आतल्या भोकाचं) बेअरिंग, जे थेट शाफ्टवर घट्ट बसतं. तेही इंडक्शन हीटरवर, ११० अंशांपर्यंत, १२० च्या पुढे नाही, आणि शेवटी डीमॅग्नेटाइज करून. हीटर नसेल तर तेलाच्या टाकीत, पण बेअरिंग जाळीवर ठेवून. बुडाला टेकलं तर तेवढाच भाग जास्त तापतो. १०० मिमीच्या बोअरला ८० अंश तापमान वाढवलं की जवळजवळ ०.०९ मिमी फुगतं. तेवढं पुरतं. गॅसची ज्योत कुठे ८० अंश देते आणि कुठे ४०० ते तुला दिसत नाही. एकदा पोलाद निळं पडलं की त्याची कडकी गेली.

मायक्रॉन

काढताना गॅस वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट गंभीरपणे. सील व्हिटॉनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) असतील आणि ती जळली, तर त्यातून हायड्रोफ्लोरिक अॅसिड तयार होतं. काळा चिकट अवशेष उघड्या हाताने खरवडू नका. कातडीतून आत जातं आणि दुखायला उशिरा लागतं.

रिंग निघतच नसेल तर ग्राइंडरने आडवी चीर पाडा, पण आरपार नाही, शाफ्टला चाक लागू देऊ नका. मग त्या चिरेत छिन्नी ठेवून ठोका, रिंग तडकते. ती कडक पोलादाची असते, कपचा गोळीसारखा उडतो. तोंडावर शील्ड हवीच, नुसता चष्मा नको.

पंखेवाला

सगळ्यांचे आभार. जुनं बेअरिंग सापडलं. धुतलं. बाहेरच्या रिंगवर एकाच ओळीत पट्टा आहे, तोही खूप रुंद कमानीत, आणि त्याच ओळीत पापुद्रे निघालेत. दुसरी ओळ जवळजवळ नवीकोरी. पण ती ओळ पंख्याकडची होती की बाहेरची, ते आता सांगता येत नाही, खूण केली नव्हती.

जुना_फिटर

म्हणजे बाजूचा रेटा. आता एकच प्रश्न. दोन्ही हाउसिंगमध्ये फिक्सिंग रिंगा (बेअरिंगला बाजूला सरकू न देणाऱ्या) आहेत का? उघडशील तेव्हा बघ. अंदाज आहे माझा, पण आत्ता बोलत नाही.

शिकाऊ

मध्येच विचारतो, माफ करा. क्लिअरन्स फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजतात हे माहीत आहे, पण एक जण म्हणतो वर मोज, दुसरा म्हणतो खाली मोज. नक्की कुठे? आणि नट किती आवळायचा हे कसं कळतं? आमचे मुकादम नुसतं "हाताला कळतं" म्हणतात.

मायक्रॉन

दोघंही बरोबर आहेत, फक्त वेळ वेगळी. बेअरिंग टेबलावर उभं असतं तेव्हा आतली रिंग आणि रोलर वजनाने खाली टेकतात, मोकळी जागा वर असते, म्हणून वर मोजायचं. तेच बेअरिंग शाफ्टवर चढलं पण हाउसिंग अजून लागलेलं नाही, तेव्हा बाहेरची रिंग वरच्या रोलरांवर लटकते आणि मोकळी जागा खाली येते. तिथे खाली मोजायचं. बाहेरची रिंग आधी दोनचार वेळा फिरवून घ्या म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. पातं रोलर आणि बाहेरच्या रिंगच्या मध्ये सरकवा. पातं घातलेलं असताना रोलर त्याच्यावर लोळवू नका, माप खोटं येतं. दोन्ही ओळींत मोजा, दोन्हींत सारखं यायला हवं.

आता आकडे. या मापाच्या, म्हणजे ११० मिमी बोअरच्या टेपर बेअरिंगला सी३ चा सुरुवातीचा क्लिअरन्स ०.१३५ ते ०.१७० मिमी असतो. (२२२२२ मधले शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे बोअर ११०, स्लीव्ह मध्ये असल्यामुळे शाफ्ट १००.) आधी टेबलावर मोजून लिहून ठेवायचा. मग स्लीव्हवर चढवत चढवत तो ०.०५० ते ०.०७० ने कमी करायचा. म्हणजे आधी ०.१५ होता तर शेवटी ०.०८ ते ०.१० च्या दरम्यान. सी३ ला ०.०६५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. डब्यावर सी३ लिहिलंय म्हणून क्लिअरन्स मिळालाच असं समजू नका. नट जास्त आवळून तो सगळा खाऊन टाकता येतो. सी३ ची बेअरिंगं तापून जातात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

दुसरी पडताळणी नटाच्या फेऱ्यावरून. १:१२ टेपरवर या मापाला बेअरिंग ०.७५ ते १.१ मिमी पुढे सरकावं लागतं. नटाचे आटे एम११० बाय २, म्हणजे एका फेऱ्यात २ मिमी. तेव्हा साधारण अर्धा फेरा. भानगड एवढीच की अर्धा फेरा मोजायला सुरुवात कुठून करायची, स्लीव्ह शाफ्टला नेमकी कधी पूर्ण टेकली, हे ठरवणं अवघड असतं. म्हणून फेरा हा ताळा, निर्णय फीलर गेजवर.

नटाचा खाचा लॉक वॉशरच्या जिभेशी जुळत नसेल तर पुढे आवळून जुळवा. मागे सैल करून नाही. मग पुन्हा एकदा क्लिअरन्स.

मुकादमांच्या हाताला खरंच कळत असेल. पण त्यांच्या रजेच्या दिवशी काय करायचं?

ग्रीसगन

मूळ प्रश्नात "ग्रीस बदलून पाहिलं" एवढंच आहे. किती भरलं?

पुन्हा भरायच्या ग्रीसचा ढोबळ हिशोब: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. २२२२२ चा बाहेरचा व्यास २००, रुंदी ५३, म्हणजे ५३ ग्रॅम. तुमची गन एका दाबाला किती ग्रॅम टाकते ते एकदा कागदावर टाकून वजन करून बघा, कारण गनागनांत बराच फरक असतो. "सीलमधून बाहेर येईपर्यंत मार" ही पद्धत असेल तर हाउसिंग गच्च भरलेलं असणार. पंख्याच्या वेगाला मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पुरे. जास्त भरलं की रोलर ग्रीस घुसळत बसतात आणि त्यानेच तापतात. अगदी हळू फिरणाऱ्या शाफ्टला मात्र पूर्ण भरलेलं चालतं, उलट घाण आत येत नाही.

दोन वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र करू नका. जुनं लिथियम आणि नवीन पॉलियुरिया एकत्र आले तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. बदलायचंच असेल तर हाउसिंग पूर्ण साफ करून.

चाळणी

चांगला धागा. थोडं अवांतर: आमची कंपन चाळणी आहे. त्यावरही स्फेरिकल रोलर बेअरिंग. नवीन फिटरने "शाफ्टवर घट्ट, हाउसिंगमध्ये सैल" या नियमाने बसवलं, आणि बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये फिरून हाउसिंगच खाल्लं. नियम तर बरोबर होता ना?

मायक्रॉन

नियम अर्धाच सांगितलेला असतो. खरा नियम असा: ज्या रिंगच्या दृष्टीने भार फिरतो ती रिंग घट्ट.

साध्या मशीनमध्ये भार खाली स्थिर आणि आतली रिंग फिरते, म्हणून आतल्या रिंगचा प्रत्येक भाग भाराखालून जातो. ती घट्ट हवी, नाहीतर शाफ्टवर सरपटते. चाळणीत शाफ्टवर एका बाजूला वजन लावलेलं असतं आणि भार शाफ्टबरोबरच फिरतो. आतल्या रिंगला भार कायम एकाच जागी. बाहेरच्या रिंगला तो गोल फिरणारा. म्हणून तिथे सगळं उलट. हाउसिंगमध्ये पी६ सारखी घट्ट बसवण, शाफ्टवर एफ६ किंवा जी६ सारखी सैल. क्लिअरन्सही साधारण सी४ (सी३ पेक्षा जास्त) घेतात आणि बेअरिंगही चाळणीसाठी बनवलेलंच, पिंजरा वेगळा असतो.

रिंगने हाउसिंग खाल्लं असेल तर आता पंच मारून खडबडीत करू नका. पंचाची टोकं दोनचार दिवसांत दबतात आणि रिंग पुन्हा फिरायला लागते. बोअर करून बुश घाला.

गॅसकटर

पंच मारून माझं एक मशीन खूप वर्षं चाललं होतं, पण असो.

जुना_फिटर

हळू फिरणारं असेल, आणि भारही नसेल फारसा. चालतं कधीकधी. म्हणून कोणाला शिकवू नये.

पंखेवाला

शटडाउन झालं. सविस्तर लिहितो.

सुरक्षेचं आधी: मोटरला कुलूप आणि टॅग लावल्यावरही इंपेलर हळूहळू फिरत होता. डक्टमधल्या ओढीमुळे. डॅम्पर बंद करून इंपेलरला लाकडी पाचर मारल्यावरच हात घातला. ज्यांच्याकडे असे पंखे आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं, मोटर बंद म्हणजे शाफ्ट बंद असं नाही.

दोन्ही हाउसिंग उघडली. काका, तुम्ही जे बोलला नाहीत तेच निघालं. दोन्हीकडे बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना १३.५ मिमीच्या फिक्सिंग रिंगा. मागच्या कोणत्या तरी ओव्हरहॉलमध्ये हाउसिंगच्या डब्यात रिंगा आल्या आणि लावणाऱ्याने सगळ्या लावून टाकल्या असणार.

या वेळी खुणा करून काढलं. मोकळ्या बाजूला पट्टा इंपेलरपासून लांबच्या ओळीत. कपलिंगच्या बाजूचं बेअरिंगही काढून पाहिलं, तर तिथेही फिका पट्टा, तोही लांबच्याच ओळीत.

मायक्रॉन

आरशातल्यासारखं. शाफ्ट लांबून दोन्हीकडे बाहेर रेटतोय. हिशोब करून बघा: १८०० मिमी शाफ्ट, पायापेक्षा ५० अंश जास्त गरम झाला तर १८०० × ०.००००१२ × ५०, म्हणजे सुमारे १.०८ मिमी. स्फेरिकल बेअरिंगच्या आतल्या मोकळिकीत यातलं थोडं मावतं, म्हणून चालू केल्या केल्या काही जाणवत नाही. पंखा पूर्ण तापला की रेटा सुरू. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या १०/३ घाताने उतरतं, भार दुप्पट झाला की आयुष्य साधारण एक दशांश. कुठलीही कंपनी घेतली असती तरी हेच झालं असतं.

मोकळ्या बाजूचं आधी का जातं, तर बहुधा तिथला क्लिअरन्स बसवताना जास्त खाल्ला जात असेल. दोघांत ज्याच्याकडे जागा कमी, ते आधी मरतं.

पंखेवाला

जुन्या नोंदीत क्लिअरन्स लिहिलेलाच नाही, त्यामुळे ते कळायला मार्ग नाही. या वेळी लिहिलाय: टेबलावर ०.१५, बसवल्यावर ०.०९, दोन्ही ओळींत.

मोकळ्या बाजूच्या रिंगा काढल्या, कपलिंगच्या बाजूच्या ठेवल्या. शाफ्ट मोजला, गोलाई ठीक आहे. स्लीव्हच्या आतल्या बाजूला तांबूस गंज होता म्हणून नवीन घेतली. सील दोन्हीकडची नवीन.

एक शंका: रिंगा काढल्यावर बेअरिंग हाउसिंगमध्ये बरोबर मधोमध ठेवलंय. चालेल ना?

जुना_फिटर

चालेल. प्रत्येक बाजूला साडेतेरा मिमी मोकळे आहेत, तुला लागतो जेमतेम एक. जिथे बसण जेमतेम रुंद असते तिथे गार असतानाच आतल्या अंगाला सरकवून ठेवतात, म्हणजे वाढायला बाहेर जागा राहते.

झाकणं आपापल्या बुडावरच गेली ना? ती जोडीनेच बोअर केलेली असतात. अदलाबदल झाली तर बाहेरची रिंग चिमटेल, आणि मग रिंगा काढूनही ती सरकणार नाही. बोल्ट आवळल्यावर झाकण आणि बुडाच्या जोडावर बोट फिरवून बघ, पायरी लागता कामा नये.

पंखेवाला

झाकणांवर नंबर आहेत, जुळवूनच लावली. पायरी नाही.

चालू केला. पहिल्या काही तासांत तापमान चढत गेलं तेव्हा पोटात गोळा आला होता, मग स्वतःच उतरून स्थिर झालं.

ग्रीसगन

ते ग्रीस जागा शोधत होतं. जादाचं ग्रीस बाजूला सरकलं की उतरतं. तेव्हा घाबरून आणखी ग्रीस मारणारे लोक पाहिलेत, म्हणून विचारतो: मारलं नाहीत ना?

पंखेवाला

नाही. गन कुलपात ठेवली होती. :)

शिकाऊ

नट सोडवताना एकदम "ठाप" आवाज होऊन बेअरिंग सुटतं असं ऐकलंय. ते कसं सांभाळायचं?

जुना_फिटर

नट पूर्ण काढायचाच नाही. जीभ सरळ करून नट दोनचार फेरे मागे घे, तिथेच राहू दे. मग नटाच्या तोंडावर नळीचा तुकडा लावून ठोक. स्लीव्ह सुटली की नट बेअरिंगला टेकून थांबतो. स्लीव्हशिवाय थेट टेपर शाफ्टवर बसलेलं, तेलाच्या दाबाने काढायचं मोठं बेअरिंग असेल तर हे आणखी महत्त्वाचं. तेल आत शिरलं की ते काहीही न सांगता उडी मारतं. नट जागेवर ठेव, समोर उभा राहू नकोस.

चाळणी

आमच्या हाउसिंगला बुश घालायला दिलंय. शाफ्ट जी६ मध्ये आहे का ते उद्या मोजतो. आकडे आले की इथेच टाकतो.